देवधर्म नावाचं फोल्डर

चितेगावच्या त्या कंपनीत कुणाचा मेल सापडेनासा झाला की पहिली हाक रामहरीला जायची. कंपनी रबराचे सुटे भाग बनवायची. मशिनवर तीनशे माणसं, टेबलावर चाळीसेक, आणि त्या चाळीस टेबलांवरच्या कॉम्प्युटरांचं दुखणंखुपणं बघायला हा एकटा. तो यायचा आणि उभ्याउभ्याच विचारायचा, "जंक बघितलं का?" दहातले आठ जण तिथंच ओशाळायचे. कुणाची ऑर्डर जंकमध्ये पडलेली असायची, कुणाचं कोटेशन, एकाचं तर दुसऱ्या कंपनीतल्या मुलाखतीचं बोलावणं, तेही साहेब शेजारी उभे असताना सापडलेलं. उरलेल्या दोघांसाठी रामहरी खुर्ची ओढून बसायचा आणि नियमांची यादी उघडायचा. अमक्याचा मेल आला की तमक्या फोल्डरात टाक, असे नियम माणसं हौसेनं करून ठेवतात आणि दोन महिन्यांत विसरतात. मग मेल येतो, नियम त्याला उचलून कुठल्या कुठं नेऊन ठेवतो आणि माणूस इंटरनेटच्या नावानं बोटं मोडत बसतो.

रामहरी दौलताबादजवळच्या धनगरवस्तीवरचा. घरात बाप कडुबा, थोरला भाऊ भिकन, आणि ऐंशी-नव्वद मेंढरं. आई लवकर गेली. रामहरीला मेंढरं राखणं कधी जमलंच नाही. कडुबा चारचौघांत सांगायचा, "ह्यो मेंढरामागं गेला की मेंढरंच ह्याला घरी घेऊन येत्यात." म्हणून त्याला शाळेत घातलं. पण एकाला शाळेत घालायचं तर दुसऱ्यानं मेंढरामागं जायला हवं, म्हणून भिकननं चौथीतच पाटी ठेवली. हे कुणी बोलून दाखवलं नाही, भिकननं तर कधीच नाही. पुढं रामहरी शहरात, औरंगपुऱ्यातल्या एका क्लासला जाऊ लागला. रिक्षात सहा जणांत सातवा बसून जायचा. कॉम्प्युटर शिकला, चितेगावला लागला, सत्यशीलाशी लग्न झालं, नक्षत्रवाडीत दोन खोल्या घेतल्या.

कंपनीत त्यानं घरचं फारसं कधी सांगितलं नाही. वडील काय करतात असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "गावाकडे असतात." हे खोटं नव्हतं. फक्त त्याच्या पुढचं वाक्य तो गिळायचा. गिळायचं काही कारण नव्हतं, पण डब्याच्या वेळी कुणीतरी बकऱ्या-मेंढ्यांवरून विनोद करायचं आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य निघायचं नाही. माणसाला लाज वाटते ती नेमकी ज्याच्या जिवावर मोठा झाला त्याचीच, आणि ते कळूनही वाटते. रामहरीचं तसंच होतं.

नानासाहेब हे कंपनीचे प्रशासनाचे साहेब. पैठण रस्त्यावरच्या बड्या जमीनदार घरातले, मोठ्या आवाजाचे, मनानं मऊ. त्यांचा गोतावळा एवढा की लग्नसराई आली की त्यांची मेलपेटी तुंबायची. प्रत्येक पत्रिकेवर श्री गणेश प्रसन्न, कुलस्वामिनी प्रसन्न. त्यात देवांची ती फिरती पत्रं, हा मेल अकरा जणांना पाठवा, नाहीतर बघा. एकदा त्या गर्दीत मोठ्या गिऱ्हाइकाची तक्रार दबली आणि वरून नानासाहेबांना बोलणी बसली. त्यांनी रामहरीला बोलावलं.

"हे सगळं माझ्या नजरेआड कर बाबा."

"विषयात 'प्रसन्न' शब्द असला की सरळ जंकमध्ये टाकतो, सर. महिन्यानं आपोआप पुसलं जाईल."

नानासाहेबांनी कानाला हात लावला. "देवाचं नाव कचऱ्यात टाकतोस? घरी पत्रिकासुद्धा आम्ही रद्दीत घालत नाही, नदीला सोडतो. तू असं कर, वेगळं कपाट कर त्याचं. राहू दे तिथं."

मग रामहरीनं 'देवधर्म' नावाचं फोल्डर केलं आणि नियम लिहिला. विषयात प्रसन्न असेल तर मेल देवधर्मात ने, वाचला म्हणून खूण कर, आणि त्या मेलला पुढचे नियम लावू नको. वाचल्याची खूण एवढ्यासाठी की फोल्डरपुढं न वाचलेल्यांचा आकडा वाढत गेला तर नानासाहेबांचा जीव वरखाली व्हायचा. नियम सगळ्यात वर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून पेटी मोकळी झाली, नानासाहेबांनी चहा पाजला, आणि ते फोल्डर कुणी पुन्हा उघडलं नाही.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा दोन हजार सोळाचा. पाठोपाठची कोरडी वर्षं झालेली. जायकवाडीचा तळ उघडा पडला होता, शहरात आठवड्यातून एकदा नळ यायचा. शहर मात्र वाढायचं थांबलं नव्हतं. किल्ल्याच्या अलीकडं जिथं कडुबाची मेंढरं पिढ्यान् पिढ्या चरली, तिथं पांढरे दगड पुरून प्लॉट पडले होते आणि तारेचं कुंपण आलं होतं. उरलेल्या माळावर कुसळसुद्धा नव्हतं.

होळीला रामहरी घरी गेला होता. पुरणपोळी खाता खाता सहज बोलून गेला, की कंपनीच्या मागं दहा एकर जागा वाढीव बांधकामासाठी नुसती पडून आहे. कारखान्याचं शुद्ध केलेलं सांडपाणी तिथं सोडतात, त्यामुळं सगळ्या मुलखात हिरवं म्हणून तेवढंच आहे, कमरेएवढं गवत. कडुबाचा घास हातातच राहिला.

"तिथं दोन म्हयनं बसवली मेंढरं तर पावसाळ्यापतुर निभंल," तो म्हणाला. "साहेबाला इचारशील का?"

विचारायला काय हरकत होती? नानासाहेबांच्या टेबलापाशी तो दिवसातून तीनदा जायचा. पण त्याच्या डोळ्यांपुढं डब्याची वेळ आली, फाटकातून शिरणारा बाप आला, आणि मागून ऐंशी मेंढरं.

"तोंडी नाय चालत, आबा," तो म्हणाला. "तिथं समदं मेलवर व्हतं. दादाला मेल धाडाया सांगा, म्या साहेबाचा पत्ता देतो. आन् माझं नाव नका घालू. घरच्याचं काम आत आणलं असं वाटतं."

 भिकननं पत्त्याची चिठ्ठी टोपीत खोचली.

आठ दिवसांनी त्याचा फोन आला. दौलताबादच्या पुंडलिकच्या ऑनलाईन सेंटरवरून मेल धाडला, साहेब काय म्हणाले? रामहरीनं दुपारी साहेब मिटिंगला गेल्यावर त्यांची पेटी उघडली. आलेले मेल बघितले. जंक बघितलं. पुसलेले बघितले. बाहेरच अडवलेल्या मेलची यादी तपासली. 'मेंढरं' असा शब्द टाकून शोधलं. तो शोध फक्त समोरच्या उघड्या फोल्डरातच होतो, हे तो दुसऱ्यांना शिकवायचा. त्या दिवशी त्याच्याच ध्यानात राहिलं नाही.

"नाय आला, दादा. पत्ता चुकला असंल. परत धाडा."

भिकननं परत धाडला. रामहरीनं परत तीच चार ठिकाणं बघितली. पंधरा वर्षांची विद्या होती, हात सराईत होते, आणि जे नाही ते नाही, असं तो छातीठोक सांगू शकत होता. तसंच त्यानं सांगितलं.

"पुंडलिकनं दावलं मला," भिकन म्हणाला. "गेला म्हणून लिवलेलं व्हतं पडद्यावर. हितून गेला, तिथं आला नाय, मंग मधीच कुठं बसला? लाज वाटती तर तसं सांग ना. बापाला कशाला झुलवत ठेवतू?"

हे शब्द वर्मी लागले, कारण त्यातली लाज खरी होती. रामहरी चिडून म्हणाला, "तुमीच धाडला नसंल. काम झालं नाय की माझ्यावर ढकलायचं."

भिकननं फोन ठेवला. त्यानंतर त्याचा फोन आलाच नाही.

मेंढरांचं जे व्हायचं ते झालं. शहराच्या कडेला कचऱ्याच्या ढिगांवर चरली, प्लॅस्टिक खाऊन पोटं फुगून मेली. उरलेली जेठात बाजारात गेली. त्या साली पाऊस नंतर झोडपून आला. ज्या माळावर कुसळ नव्हतं तिथं गुडघाभर गवत झालं, आणि कडुबा मेंढरांच्या रिकाम्या वाड्याच्या काटेरी कुंपणापाशी बसून ते गवत बघायचा. दिवाळी झाल्यावर तो गेला. दुखणं असं काही नव्हतं. दहाव्याला दोघा भावांनी शेजारी बसून केस उतरवले आणि एकमेकांकडं बघितलं नाही. भिकन पुढं प्लॉटिंगवर राखणदार म्हणून लागला, आपल्याच जुन्या चराईच्या रानावर. रामहरीच्या मनात मात्र एक सल राहिली. आबा आपल्याशी शेवटी काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांनाही वाटत असणार, आपणच नाही म्हटलं. आणि त्या सलीखाली राग होता. तुम्ही मेल धाडला नाही आणि मला दोषी धरून गेलात.

दोन हजार अठराच्या थंडीत कंपनीची मेलव्यवस्था बदलायची ठरली. पुन्हा कोरडं वर्ष होतं, नानासाहेब महिनाभरात निवृत्त होणार होते. त्यांची पेटी नव्या जागी जाईना, मधेच अडकायची. रामहरीनं कुठलं फोल्डर जड आहे ते बघितलं. देवधर्मात तीन हजारांवर मेल होते, सगळ्यांवर वाचल्याची खूण, पण खरं तर एकही कुणी वाचलेला नव्हता. कुणाकडून किती आले हे बघावं म्हणून त्यानं ते पाठवणाऱ्यांच्या नावानं लावले आणि वरून खाली येऊ लागला.

पुंडलिक ऑनलाईन सेंटर, दौलताबाद. तीन मेल.

पहिल्याचा विषय होता, "॥ श्री खंडोबा प्रसन्न ॥ मेंढरांना चराईस परवानगी मिळणेबाबत." रामहरीचा हात माऊसवरच राहिला. कडुबाच्या घरातून खंडोबाचं नाव माथ्यावर घातल्याशिवाय कागद कधी बाहेर पडलाच नव्हता. रामहरीच्या दहावीच्या वह्यांवर ते होतं, नोकरीच्या अर्जावरही बापानं घालायला लावलं होतं. भिकननं पुंडलिकला आधी खंडोबा लिहायला सांगितलं असणार आणि पुंडलिकनं समोर पहिली मोकळी ओळ दिसली तिथं लिहिलं. चराईच्या अर्जावरही 'प्रसन्न' येईल, हे दुसऱ्या कुणाला सुचणं अवघड होतं. रामहरीला नियम लिहितानाच सुचायला हवं होतं. त्याला लग्नपत्रिका तेवढ्या आठवल्या, आपलं घर आठवलं नाही.

पहिले दोन मेल पुंडलिकच्या सरकारी भाषेत होते, वरील विषयास अनुसरून, विनंती करण्यात येते की. भिकननं दोनदा धाडला म्हटलं होतं, आणि दोनदाच धाडला होता. तिसरा एप्रिलच्या अखेरीचा, फोन बंद झाल्यानंतरचा. तो सांगणाऱ्याच्या तोंडून आला तसाच पुंडलिकनं उतरवला होता.

"साहेबाला रामराम. मी कडुबा मेंढरंवाला, दौलताबाद. आदीचे दोन कागद तुमाला घावले नसतील. माझा धाकटा ल्योक तुमच्याकडं कामाला हाय. त्यानं नाव घेऊ नका म्हणलंय म्हणून घेत नाय. तो म्हणतो कागद आला नाय. थोरला म्हणतो धाकटा खोटं बोलतो. पर तो लहानपणापास्नं खोटं बोलत नाय, मार खाईल पर बोलत नाय. तवा तुमच्या मशिनीतच कायतरी अडकलं असंल. त्याला कामाच्या गर्दीत घावलं नसंल. तुमी एकदा स्वता बघा. त्याला बोलू नका. मेंढरं साठच ऱ्हायलीत, तवा जागा बी कमीच लागंल. कडुबाचा अंगठा."

अंगठा कुठं उठणार होता? पुंडलिकनं तेवढे शब्दच टाइप केले होते.

रामहरी उठला, बाथरूममध्ये गेला, आतून कडी लावली आणि तोंडात रुमाल कोंबून रडला. ज्या बापानं आपल्याला खोटं ठरवलं म्हणून तो दोन वर्षं मनातल्या मनात भांडत होता, त्या बापानं एकट्यानं चालत जाऊन त्याची बाजू घेतली होती. ज्याला लिहिता येत नव्हतं त्याला नेमका बिघाड कळला होता. आणि ते पत्रसुद्धा त्याच्याच नियमानं उचलून बाजूला ठेवलं होतं.

संध्याकाळी तो नानासाहेबांपुढं उभा राहिला आणि सगळं सांगितलं, मेंढरांपासून. नानासाहेबांनी चष्मा काढला.

"अरे, त्या साली त्या गवतानं माझी झोप उडवली होती. वाळलं असतं तर एका ठिणगीनं गोडाऊन पेटलं असतं. शेवटी माणसं लावून कापलं आणि तिथंच जाळलं. तुला धूर दिसला असेल." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मेंढरं आली असती तर मी स्वतः फाटक उघडून उभा राहिलो असतो. मला नुसतं बोलला असतास."

धूर त्याला दिसला होता. सर्व्हरच्या खोलीत जाऊ नये म्हणून त्यानंच उठून खिडकी लावली होती.

पुढच्या रविवारी तो तिन्ही मेलच्या छापील प्रती घेऊन दौलताबादला गेला. प्लॉटिंगच्या फाटकाशी पत्र्याची खोली होती, तिथं भिकन भाकरी थापत होता. रामहरी उंबऱ्यातच बसला. नियम म्हणजे काय, फोल्डर म्हणजे काय, आपण काय केलं, हे त्यानं भावाला समजेल तसं सांगितलं. स्वतःला कुठंही वाचवलं नाही. मग तिसरा कागद वाचून दाखवला. 'त्याला बोलू नका' इथं आल्यावर त्यानं कागद भावाच्या हातात दिला, ते पुढचं भिकननं चौथीच्या वाचनानं अक्षर अक्षर लावत वाचलं.

तव्यावरची भाकरी करपली तेव्हा भिकन हलला.

"म्या लई बोललो रं बापाला," तो म्हणाला. "रोज बोललो. तुझ्या लाडक्यानं मेंढरं मारली म्हणलं. मरायच्या आदल्या दिशी बी म्हणलं. तो म्हणायचा, नाय भिकन, मशीन असती ती. म्या म्हणलं, म्हाताऱ्या, तुला काय कळतंय."

 बाहेर दुसऱ्याच कुणाचं एक शेरडू कुंपणाच्या तारेतून तोंड घालत होतं. भिकननं कागदाची घडी केली, परत उघडली.

"एक सांग," तो म्हणाला. "साहेबानं वाचला असता तर घेतली असती मेंढरं? तू इचारलंस का?"

रामहरीनं भावाकडं बघितलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. उत्तर एका शब्दाचं होतं. ते दिलं असतं तर भिकन उरलेलं आयुष्य त्या बोलण्याचा आणि त्या साठ मेंढरांचा हिशेब करत बसला असता.

"इचारलं," रामहरी म्हणाला. "नसती घेतली. कंपनीचा कायदाच हाय, जनावर आत घेत नाय. मेल मिळाला असता तरी नायच म्हणले असते."

"म्हंजी मेंढरं जायचीच व्हती."

"व्हय. जायचीच व्हती."

भिकननं मोठा श्वास सोडला. कागद खिशात घातला, करपलेली भाकरी बाजूला काढली, दुसरी तव्यावर टाकली आणि ताट भावापुढं सरकवलं.

"बाप तुला बरोबर वळखत व्हता," तो म्हणाला. "जेव."

रामहरीनं मान खाली घातली आणि भाकरीचा तुकडा मोडला.